मोठ्या साहेबांचा माणूस

दहावीला मला संस्कृतात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मार्क होते, आणि ही गोष्ट मी ओमानमध्ये, इब्री गावातल्या कंपनीच्या मेसमध्ये, तोंडात घास असताना, कोणी विचारलेलं नसताना सांगितली. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक हीच, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे हिच्याहून मोठी केली, पण ती हिच्याच पोटातून निघाली.

टेबलापलीकडे ते बसले होते. साठीला आलेले, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, नाकावर जाड चष्मा आणि तो कमी पडतो म्हणून गळ्यात दोरीने अडकवलेलं एक भिंग. मी कंपनीत नवा प्लॅनिंग इंजिनिअर, ते जुने डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे साइटवर जाणारं प्रत्येक ड्रॉइंग आणि बाहेरून येणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं आणि त्यांच्या रजिस्टरात नोंदलं जायचं. कंपनीने दोन खोल्यांचा एक फ्लॅट आम्हा दोघांना दिला होता. अठ्ठ्याण्णव ऐकल्यावर ते अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुऊन आले आणि मला चक्क नमस्कार केला. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. म्हणाले, "मोठ्या साहेबांनीच पाठवलं तुम्हाला."

इथे थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्याकडे शहाणी मुलं संस्कृत घेतात ती संस्कृत यावं म्हणून नव्हे, मार्क पडतात म्हणून. रूपं पाठ करायची, गाईडमधली भाषांतरं पाठ करायची, पेपर लिहायचा आणि निकालाच्या दिवशी पेढ्यांबरोबर सगळं वाटून टाकायचं. मी तर शेजारच्यांना दोन बॉक्स वाटले होते. हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कोणी कोणाला नमस्कार करत नाही. पण हे पडले राजापूरकडच्या एका आडगावचे. त्यांच्या शाळेत संस्कृत नव्हतंच. ज्याला शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळाले त्याला शंभरातलं अठ्ठ्याण्णव येतं, असा त्यांचा साधा हिशेब. तो खोडून काढावा असं माझ्या मनात आलं नाही. माझं जरा बरंच चाललं होतं.

मोठे साहेब कोण हे कळायला मला आठवडा लागला. ऑफिसात त्यांच्या तोंडी सारखं असायचं: साहेबांना हे चालणार नाही, साहेब अशा वेळी घाई करत नाहीत, साहेबांनी ह्यावर तीन ओळी लिहिल्यात. मी समजत होतो की मस्कतच्या हेड ऑफिसात कोणी तरी बडं प्रस्थ आहे आणि ह्यांची तिथे थेट लाइन आहे. त्यामुळे पहिला आठवडा मी त्यांच्याशी अतिशय अदबीने वागलो, दोनदा चहासुद्धा आणून दिला. फसगत माझी एकट्याची झाली असंही नाही. हैदराबादहून आलेल्या एचआर मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं की तुम्ही नेमकं कोणाला रिपोर्ट करता, चार्टमध्ये हे साहेब दिसत नाहीत. ह्यांनी सरळ सांगितलं की ते काशीला असतात. कधीपासून, तर चारशे वर्षं झाली असतील. मॅनेजरने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तर साहेब म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचे एक संस्कृत पंडित. गोदावरीकाठचं कुठलं तरी गाव सोडून काशीला गेले आणि तिथे त्यांनी गीतेवर टीका लिहिली. टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे; श्लोकातला एकेक शब्द घेऊन त्याचा उलगडा करणं. प्रसिद्ध वगैरे ते अजिबात नाहीत. गीतेच्या टीकाकारांच्या यादीत शेवटी 'इत्यादी' असतं, त्या इत्यादीत आमचे साहेब. पण ह्यांना तेच प्यारे, आणि त्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच शुक्रवारी सांगितलं होतं. इतर टीकाकार अवघड श्लोक आला की जास्त लिहितात. साहेब अवघड श्लोक आला की लिहितात, हे मला नीट कळलेलं नाही, ज्याला कळेल त्याने पुढे लिहावं. असं चारशे वर्षांपूर्वी काशीत बसून, सगळे विद्वान टपलेले असताना लिहायला काय छाती लागत असेल, असं ते म्हणायचे, आणि दर वेळी त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी मान हलवायचो. मला त्या वेळी स्वतःच्या प्रोग्रेस रिपोर्टमध्ये 'हे मला कळलेलं नाही' असं लिहिल्याचं दृश्य दिसायचं आणि घाम फुटायचा.

त्यांची आणि साहेबांची गाठ पडली ती ट्रेसर म्हणून. कॉम्प्युटर येण्याआधी कंपन्यांतून ट्रेसर असत; इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने हुबेहूब उतरवणारी माणसं. हे आयटीआय करून मुंबईत ट्रेसर झाले. गणपतीला गावी गेले असताना देवळातल्या पुजाऱ्यांनी एक पोथी दाखवली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं हात लावला की सुटत होती. ही पुढच्या वर्षापर्यंत राहत नाही म्हणाले, तू शाईचं काम करतोस तर उतरवून देशील का. ह्यांनी बिनपगारी रजा वाढवली आणि अख्खी पोथी ट्रेसिंग पेपरवर उतरवून काढली. एकाही ओळीचा अर्थ कळत नव्हता. डाग होता तिथे डाग काढला, वाळवीचं भोक होतं तिथे भोकाची कड काढली. ट्रेसरने अक्कल चालवायची नसते, दिसेल तसं उतरवायचं, हे त्यांना पहिल्याच नोकरीत शिकवलेलं. मूळ पोथी पुढे खरोखरच गेली. राहिलं ते ह्यांचं ट्रेसिंग.

मग ओमानला आले, आणि आपण तरुणपणी काय उतरवून बसलो आहोत हे वाचता यावं म्हणून पुस्तकं मागवून एकट्याने संस्कृत शिकले. ह्याला तीस वर्षं लागली. आखातात येऊन लोक बंगले बांधतात, पोरींची लग्नं करतात. ह्यांनीही ते केलं, पण फावल्या वेळात.

साहेबांची संगत इतक्या वर्षांची म्हटल्यावर गुण लागणारच. जे दिसेल त्यावर ते टीका लिहायचे. एकदा कॅम्प बॉसने, म्हणजे आमच्या मेसची व्यवस्था बघणाऱ्या मलयाळी गृहस्थाने, भिंतीवर हिंदीत नोटीस लावली: अन्न वाया घालवू नये. दोन दिवसांत तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत टीका उमटली. अन्न म्हणजे जे खाल्लं जातं ते. आता इथे कोणी शंका काढील की कालचं सांबार कोणीच खाल्लं नाही, सबब ते अन्न नव्हे, सबब ते टाकल्याने नियम मोडत नाही. तर असं समजू नये. खाण्यासाठी म्हणून जे शिजवलं ते अन्न, आणि शिजवणाऱ्याचा हेतू चांगला होता असं धरूनच चालावं. कॅम्प बॉसने आधी डोळे वटारले. मग शेवटच्या वाक्याशी त्याला भरून आलं आणि त्याने ती नोटीस लॅमिनेट करून घेतली. सांबारात मात्र काही फरक पडला नाही.

ऑफिसात हा प्रकार जरा महागात जायचा. नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर लाल शिक्का मारून ते फाडून टाकायचं असा नियम होता. हे शिक्का मारायचे आणि जुनं ड्रॉइंग जपून ठेवायचे. जुना पाठ रद्द झाला म्हणजे खोटा ठरला असं नाही, माणसाला आधी काय वाटत होतं हेही कळलं पाहिजे, असं म्हणायचे. मागच्या आवारातला कंटेनर अशा कागदांनी भरला. प्रोजेक्ट मॅनेजरने तो रिकामा करायला माणसं पाठवली, तेव्हा हे बेचाळीस डिग्रीत त्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. मी खिडकीतून पाहत होतो. पुढे होऊन काही बोलावं असं मला फार वाटलं, म्हणून मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. शेवटी मॅनेजरनेच नाद सोडला, कारण नवा कंटेनर मागवणं सोपं होतं.

आता माझ्या कामाचं सांगतो. साहेबांच्या टीकेची दुसरी एक हस्तलिखित प्रत काशीत सापडली होती. ओळखीच्याच्या ओळखीने तिचे फोटो ह्यांना मिळाले, ते त्यांनी मोठ्या कागदांवर छापून घेतले. दोन प्रती शब्दाला शब्द लावून बघायच्या, जिथे जिथे फरक असेल तो पाठभेद म्हणून नोंदवायचा, आणि मग साहेबांनी मुळात काय लिहिलं असेल ते ठरवायचं, असं ते काम. गावाकडची एक पाठशाळा पुस्तक छापायला तयार होती. पहिले सहा अध्याय त्यांनी एकट्याने केले. मग साखरेने डोळ्यांवर हल्ला केला. भिंग घेऊनही एका वेळी दोन प्रतींवर नजर ठरेना. नेमका तेव्हा मी मेसमध्ये तोंड उघडलं.

रोज संध्याकाळी साडेसहाला आम्ही बसायचो. ते आपली कोकणातली प्रत मोठ्याने म्हणायचे. बरीचशी त्यांना पाठच होती. मी काशीची प्रत मांडीवर घेऊन बोट फिरवत जायचं, आणि काहीही वेगळं दिसलं की म्हणायचं, "थांबा." बस्स. ह्याला संस्कृत लागत नाही, डोळे लागतात, आणि ते मला होते.

पण थांबा म्हटलं की गेली पंचवीस मिनिटं. मग ते तिन्ही पेनं काढणार. काळ्याने एक पाठ, निळ्याने दुसरा, लालने निर्णय. नक्कल करणाऱ्याची नजर चुकली की त्याने मुद्दाम केलं, ह्याची चर्चा. साहेब असं लिहितील का, मागे चौथ्या अध्यायात कसं लिहिलंय, तुमचं काय मत. माझं मत असं की मेस साडेआठला बंद होते. बुधवारी तर सुरमई असायची, माणशी एक तुकडा, आणि उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला शेपटी.

त्यात मी पडलो प्लॅनिंग इंजिनिअर. जे काम अजून झालेलं नाही ते ऐंशी टक्के झालंय असं रंगीत पट्ट्यांनी दाखवणं हा आमचा धंदा. मी साहेबांच्या टीकेचासुद्धा बार चार्ट केला: सातवा ते अठरावा अध्याय, प्रत्येकाला एक पट्टी, शेवटी मुदतीचा लाल चौकोन. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागले. आता चार्ट भिंतीवर लागला म्हणजे पाळायला नको का?

तेव्हा मी गप्प बसायला शिकलो. एका पानावर पाच फरक दिसले तर एक सांगायचा, तोही बारकासा, लवकर आटपेल असा निवडून. अजिबातच सांगितला नाही तर संशय येईल, म्हणून दर पानाला एक सोडायचाच. बाकीचे गिळून टाकायचो. चारशे वर्षांपूर्वी कोणी दोन शब्द इकडचे तिकडे केले तर आज इब्रीत कोणाचं काय अडतंय, अशी स्वतःची समजूत घालायचो. रमझानात ऑफिस दुपारी सुटायचं, तेव्हा तर मी एका महिन्यात दोन अध्याय उरकून दाखवले. एवढा वेग बघून ते थक्क झाले. म्हणाले, संस्कार लागतात ह्याला.

आणि हे नुसतं खोलीपुरतं राहिलं नाही. इब्रीत तेव्हा पाच-सहा मराठी घरं होती. त्या सगळ्यांना ह्यांनी सांगून ठेवलं की माझ्याकडे शास्त्री राहायला आलेत. झालं, मला सत्यनारायणाची आमंत्रणं यायला लागली, यजमान म्हणून नव्हे, भटजी म्हणून. ती मी कशीबशी टाळली. एका बाईंनी बाळासाठी ठेवलेल्या नावाचा अर्थ विचारला, तेव्हा तो सूर्याचा एक प्रकार आहे असं मी ठोकून दिलं. बाळ आता तिथल्या इंडियन स्कूलमध्ये जातं आणि स्वतःची ओळख तशीच करून देतं.

अडीच वर्षांत अठरावा अध्याय संपला. लाल चौकोनाच्या आठ दिवस आधी. त्या दिवशी त्यांनी मेसमध्ये सगळ्यांना शेवयांची खीर वाटली.

त्याच सुमाराला कंपनीने त्यांचं व्हिसा रिन्यूअल थांबवलं. वय झालं, डोळे गेले, आणि ड्रॉइंगं आता सगळी कॉम्प्युटरवर. त्यांनी तक्रार केली नाही. सामान बांधायला घेतलं, आणि एका शुक्रवारी मला समोर बसवून पुस्तकाची प्रस्तावना वाचून दाखवली. शेवटच्या परिच्छेदात मी होतो. ह्यांच्यासारखा सावध डोळ्यांचा वाचक लाभला नसता तर सातव्या अध्यायापासूनचं काम झालंच नसतं, पुढच्या पाठांचा भरवसा सर्वस्वी त्यांच्यावर आहे, असं काहीसं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, कमी तर नाही ना झालं? मी म्हटलं, नाही, भरपूर आहे. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

लाज म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं असं म्हणायला हरकत नाही. सुरमईपायी मी एका माणसाचं आयुष्यभराचं काम नासवलं होतं, आणि त्याने ते माझ्या नावानिशी छापायला काढलं होतं. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काही तरी निघायचं. बॅगेचं वजन करायचं असायचं, कुलूप मिळायचं नाही. खरं कारण एकच, मी भित्रा आहे.

मस्कतच्या विमानतळावर त्यांना सोडायला मीच निघालो. पहाटे उठून ते आंघोळ करून तयार होते. इब्री ते मस्कत तीन तास. बहला गावाच्या पुढे एका पेट्रोल पंपाला लागून टपरी आहे, तिथे करक, म्हणजे आखाती कडक चहाला थांबलो. गाडीतून उतरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून चहा गाडीतच आला. त्यांनी पहिला घोट घेतला आणि मी समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगून टाकलं. पानाला एकाचा कोटा, बुधवार, रमझान, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

त्यांनी विचारलं, "सातव्यापासून?"

"हो काका."

"किती असतील?"

"मोजले नाहीत."

त्यांनी कप डॅशबोर्डवर ठेवला. रागाने लाल वगैरे झाले नाहीत. पण असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. घरातलं कोणी गेल्याचा फोन आल्यावर माणूस बसतो तसे बसले. म्हणाले, "मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी दिसेल तसं उतरवलं. तुम्हाला सगळं दिसत होतं."

पुढे मस्कतपर्यंत दोन तासांचा रस्ता होता. माफ करा, असं मी तीनदा म्हटलं. त्यातलं एकही त्यांनी घेतलं नाही.

विमानतळावर ट्रॉली लावून झाली. मला वाटलं तसेच आत जातील, आणि गेले असते तर मला काही म्हणायला तोंड नव्हतं. पण त्यांनी हातातली बॅग जमिनीवर ठेवली, गुडघे दुखत असताना खाली बसले, चेन उघडली आणि दोन गठ्ठे बाहेर काढले. काशीची प्रत आणि आपल्या ट्रेसिंगच्या झेरॉक्स. आजूबाजूला लोक बॅगा ढकलत जात होते. दोन्ही गठ्ठे माझ्या हातांवर ठेवून म्हणाले, "सातव्यापासून. आता दोन्ही प्रती तुम्हीच बघायच्या." आणि बॅगेची चेन लावता लावता म्हणाले, "चार्ट करू नका."

ह्याला चार वर्षं झाली. त्यांनी पाठशाळेला कळवून छपाई थांबवली. कारण काय सांगितलं ते मला माहीत नाही. माझं नाव घेतलं नसणार. आणि मी, बावीस वर्षांपूर्वी पेढे वाटून मोकळा झालेला, शब्दकोश विकत घेऊन सातव्या अध्यायाच्या पहिल्या श्लोकापासून बसलो.

पद्धत अशी पडली की फरक दिसला की मी व्हॉइस नोट पाठवायची: कोकणात असं आहे, काशीत तसं. ते ऐकून दुसऱ्या दिवशी आपला निवाडा पाठवायचे. लिहायचं मीच. त्यांच्या नोटमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या, कोंबड्या, टीव्हीवरच्या बातम्या असं सगळं असायचं, आणि मध्येच साहेबांची बाजू घेऊन कोणाशी तरी तावातावाने बोलणं. पहिले सहा महिने मला उद्देशून कामापलीकडचा एक शब्द नव्हता. सातवा अध्याय संपायला आठ महिने लागले. पहिल्या खेपेला मी तो दोन महिन्यांत संपवला होता. तेव्हा जे गिळलं होतं ते एकेक करून वर येत होतं, आणि त्यातलं एखादं असं असायचं की साहेबांचा अख्खा मुद्दाच फिरावा. अशा दिवशी नोट पाठवायला माझा हात उचलत नसे. मी त्या माणसाची अडीच वर्षं खाल्ली होती, आणि आता पुढचीही खात होतो.

पण हळूहळू मला वाचता यायला लागलं, हेही खरं. तोवर बायको-मुलं माझ्याकडे राहायला आली होती; बायकोला मी एकदा उत्साहाने सांगितलं की अठ्ठ्याण्णवातले नव्वद मार्क गाईडचे होते हे आता मला नक्की कळलंय. ती म्हणाली, उरलेले आठ कोणाचे होते? ह्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

त्यांची दृष्टी मात्र गेली. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. नंतर मूत्रपिंडांचं निघालं. नोटमधला आवाज खोल जायला लागला, वाक्यं तुटायला लागली. गेल्या उन्हाळ्यात सतरावा अध्याय संपला आणि चारच दिवसांनी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. ह्यापूर्वी आम्ही कधी बोललो नव्हतो. म्हणाल्या, डॉक्टर आता फार काही सांगत नाहीत. बाबा दिवसभर एकच विचारतात, अठराव्याची नोट आली का. आणि मग जरा अडखळत म्हणाल्या, "पाठशाळावाले म्हणतात की महिन्याभरात मजकूर आला तर दसऱ्याला पुस्तक देतो. एवढ्यासाठी जीव धरलाय त्यांनी. काही करून आटपा हो भाऊजी. हातात तरी मिळू दे."

अठरावा अध्याय सगळ्यात मोठा. अठ्ठ्याहत्तर श्लोक, त्यांवरची साहेबांची टीका, दोन प्रती. माझ्या वेगाने वर्ष सहज. मी पहिलं पान काढलं. पहिल्याच ओळीत एक फरक होता, तिसरीत आणखी एक. शुक्रवारची सकाळ होती, बायको-मुलं बाहेर गेली होती, घर शांत होतं. मी तासभर त्या दोन कागदांकडे बघत बसलो. पहिल्या खेपेला मी खोटं बोललो ते माझ्या पोटासाठी. आता खोटं बोललो तर ते त्यांच्यासाठी होतं. एका आंधळ्या म्हाताऱ्याला त्याचं पुस्तक हातात मिळणार होतं. कोणाला कळणार होतं? जगात ह्या दोन प्रती एकत्र बघणारा माणूस मी एकटा.

मी नोट पाठवली. काका, अठरावा अध्याय पुरा तपासला, पाठभेद एकही नाही, खलास, छापायला द्या. आवाज आनंदी ठेवायचा प्रयत्न केला. पाठवल्यावर मला हलकंसुद्धा वाटलं.

तासाभराने उत्तर आलं. "एकही नाही?"

मी टाइप करून, मग ते त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन, पुन्हा नोटच पाठवली: नाही.

 दुपारी जेवायला बसलो आणि फोन वाजला. नऊ सेकंदांची नोट. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "दोन माणसांनी लिहिलेलं असं जुळत नसतं. परत वाचा. घाई करू नका, मी आहे."

पुढे काही नव्हतं. मी ती नोट तिथेच ताटावर बसून तीन-चार वेळा ऐकली, आणि मुलांनी विचारलं, बाबा, व्हाय आर यू क्रायिंग, तेव्हा मला कळलं की मी रडतोय. हात धुतले आणि पहिल्या पानावरचे दोन्ही फरक सांगितले.

दसरा होऊन गेला. पुस्तक आलं नाही. सूनबाई माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. काल आम्ही एकेचाळिसाव्या श्लोकावर आलो. आवाज फार खोल गेलाय, एकेक नोट दोनदा ऐकावी लागते. पण ते आहेत.